तीन मॉप, एक बादली : सफाई आणि निगेच्या नोंदी

६ सप्टेंबर

कामाला हात घालण्याआधी पाहणी केली. घरात तीन मॉप आहेत. रोजच्या खोल्यांसाठी पेडलच्या बादलीबरोबर आलेला स्पिन मॉप. त्याचं गोल रिफिल मायक्रोफायबरच्या दशांचं. पलंग आणि कपाटांखाली जाण्यासाठी फ्लॅट मॉप. त्याला वेलक्रोने लागणारं पॅड. आणि न्हाणीघरासाठी जाड सुती दोऱ्यांचा मॉप.

तक्रारी दोन. फरशी वाळली की तिरप्या उजेडात तिच्यावर धुरकट पट्टे दिसतात, आणि पुसून झाल्यावर बराच वेळ खोलीत कुबट वास रेंगाळतो. फरशी तीच, लिक्विड तेच, पाणीही तेच. म्हणून आधी मॉप तपासायचे ठरवले.

तपासणी साधी ठेवली. प्रत्येक रिफिल स्वच्छ कोमट पाण्यात बुडवून पांढऱ्या कापडात दाबून पिळलं. सुती मॉपचा डाग जवळजवळ काळा. स्पिन मॉपचा करडा, आणि बोटांना ओशटपणा जाणवला. दुसरी तपासणी शोषून घेण्याची: रिफिलं वाळल्यावर फरशीवर चमचाभर पाणी सांडलं आणि त्यावर रिफिल नुसतं टेकवलं, दाबलं नाही. स्पिन मॉपने पाणी हळूहळू ओढलं. फ्लॅट मॉपच्या पॅडने ते पुढे ढकललं. धाग्यांमधल्या बारीक फटींतून पाणी वर चढतं म्हणून मॉप पुसू शकतो. त्या फटी तेलकट मळाने आणि साबणाच्या थराने बुजल्या की मॉप पाणी फक्त पसरवतो. पट्ट्यांचं कारण इथेच असणार.

वहीत उद्दिष्टं लिहून ठेवली: वास जावा, पट्टे जावेत, आणि दोन वापरांच्या मध्ये प्रत्येक मॉप आतपर्यंत कोरडा व्हावा. तिसरं साधलं तर पहिली दोन टिकतील असा अंदाज आहे.

७ सप्टेंबर

आज पाण्याचा थेंबही वापरला नाही. रिफिलं दांड्यावरून काढली. स्पिन मॉपचं रिफिल काढायला ताकद लागत नाही: दशा पायाखाली धरायच्या आणि दांडा आडवा झुकवून वर उचलायचा, चकती खट्‌कन सुटते.

मग जुन्या वर्तमानपत्रावर जाड दातांचा कंगवा घेऊन बसले. केस, दोरे, बारीक खडे. केस दशांच्या बुडाशी, चकतीजवळ गुंडाळलेले असतात. ते कात्रीच्या टोकाने कापून मग ओढले. हे काम कोरडं असतानाच करावं. ओले केस धाग्याला चिकटतात आणि ओढताना मायक्रोफायबरचे धागेही बरोबर उपसून येतात. शिवाय हे केस तसेच धुण्याच्या यंत्रात गेले तर गाळणी तुंबते, मोरीत गेले तर मोरी.

फ्लॅट पॅडसाठी कंगव्याचा उपयोग झाला नाही. वेलक्रोचा काटेरी भाग पॅडवरून फिरवला तर धूळ निघते, पण बारीक लूपही तुटतात. मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवला, ते बरं.

८ सप्टेंबर

धुणं. सुती आणि मायक्रोफायबर वेगळ्या बादल्यांत, आणि यात तडजोड नाही. सुताचा भुगा मायक्रोफायबरमध्ये अडकतो आणि मग तोच भुगा फरशीवर उतरत राहतो.

सुती मॉपला गरम पाणी चालतं. कापूस म्हणजे सेल्युलोज. उकळतं पाणीही तो सोसतो. बादलीत हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी, त्यात डिटर्जंट आणि लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा. सोडा दोन कामं करतो: तेलकटपणा सोडवतो आणि जड पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतो, त्यामुळे डिटर्जंट वाया जात नाही. रबरी हातमोजे घातले, कारण सोडा कातडी कोरडी पाडतो. अर्धा तास भिजवून काठीने घुसळलं. पहिलं पाणी इतकं गढूळ की बादलीचा तळ दिसेना. पाणी बदलत गेले. थांबायची खूण अशी ठरवली की खळखळून धुतल्यावर पांढऱ्या मगातलं पाणी स्वच्छ दिसलं पाहिजे. साबणाचा फेस दिसतोय तोवर काम संपलेलं नाही. उरलेला साबण पुढच्या वेळी फरशीवर चिकट थर देतो आणि त्या थरावर धूळ लवकर बसते.

मायक्रोफायबरची जात वेगळी. पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉन, यांचा तो मिलाफ. एक धागा १ डेनिअरपेक्षाही बारीक असतो, म्हणजे असा ९,००० मीटर धागा घेतला तरी वजन १ ग्रॅमच्या आत. धागे चिरलेले असल्याने फटी असंख्य. पुसण्याची सगळी ताकद त्या फटींची. म्हणून कोमट पाणी, थोडंच डिटर्जंट, हाताने दाबून-सोडून धुणं. घासणं नाही. यंत्रात टाकायचं तर जाळीच्या पिशवीत आणि लेबलवरच्या तापमानाच्या आत. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही: त्याचं कामच धाग्यावर थर चढवण्याचं आहे, आणि कपड्याला मऊ करणारा तोच थर मॉपची शोषणशक्ती घालवतो. आमच्या फ्लॅट मॉपचं पॅड इतर कपड्यांबरोबर धुतलं जात होतं, सॉफ्टनरसकट. सांडलेलं पाणी ते पुढे का ढकलत होतं, ते कळलं.

९ सप्टेंबर

सगळं रात्रभर वाळलं. स्पिन मॉपचा वास गेला. सुती मॉपला कोरडा असताना वास नाही, पण पाणी शिंपडलं की थोड्या वेळाने तोच आंबूस वास परत.

ओल्या कपड्यांच्या या वासावर जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात वासामागचा जिवाणू म्हणून मोराक्सेला ऑस्लोएन्सिसचं नाव पुढे आलं, आणि वास देणारा पदार्थ ४-मिथाइल-३-हेक्झेनॉइक आम्ल. आपल्या कामासाठी त्यातली मोलाची गोष्ट ही की हा जिवाणू कोरडेपणा आणि अतिनील किरणं बऱ्यापैकी सोसतो. वाळल्यावर तो मरेलच असं नाही, पण ओल नसली की वास तयार करायचं काम थांबतं. पुन्हा पाणी मिळालं की पुन्हा सुरू. सुती मॉपचं वागणं हुबेहूब असंच आहे. म्हणजे तिथे एकदा जंतुनाशकाची गरज आहे, आणि नंतर दर वेळी नीट वाळवण्याची.

उपाय दोन उपलब्ध होते.

ब्लीच, म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइट. फक्त पांढऱ्या सुती मॉपसाठी. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं. १ लिटर थंड पाण्यात २० मिलि घातलं की द्रावण साधारण ०.१ टक्क्याचं होतं. पाणी थंडच घ्यायचं, गरम पाण्यात हायपोक्लोराइट लवकर विघटित होतं. मॉप आधी धुतलेला हवा, कारण मळच क्लोरिन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. पुष्कळ घरांत मळका मॉप थेट ब्लीचमध्ये बुडवतात. मळाचा रंग उतरतो, समाधान होतं, पण काम अर्धवट राहतं. दहा मिनिटं बुडवून खळखळून धुतलं. द्रावण उद्यासाठी ठेवलं नाही, त्याची ताकद टिकत नाही. ब्लीच कापसाचा धागाही हळूहळू कमकुवत करतं, म्हणून हा नेहमीचा उपाय नव्हे. नायलॉनला तर ते मारकच, त्यामुळे दोन्ही मायक्रोफायबर मॉप यापासून लांब.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. ब्लीचमध्ये व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही आम्ल मिसळलं की क्लोरिन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन वायू. दोन्ही फुप्फुसांना घातक. पाळीव प्राण्याची शी-शू पुसलेला मॉपही ब्लीचमध्ये टाकण्याआधी नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचा. काम करताना दार-खिडकी उघडी.

दुसरा उपाय सोडिअम परकार्बोनेट, ज्याला ऑक्सिजन ब्लीच म्हणतात. पाण्यात विरघळलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा मोकळा होतो. ४० अंश किंवा जास्त गरम पाण्यात ते नीट काम करतं. रंगीत मायक्रोफायबरला चालतं. पाकिटावरच्या प्रमाणात, तासभर भिजत. द्रावण बाटलीत भरून झाकण लावायचं नाही. आत ऑक्सिजन साठून बाटली फुटू शकते. फ्लॅट पॅड यात घातलं. पाण्याला पिवळट झाक आली आणि वर एक पातळ तवंग.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा उपाय केला नाही. फेस छान येतो, पण ती दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात. मागे उरतं पाणी आणि सोडिअम ॲसिटेट. वेगवेगळी वापरली तर दोन्ही कामाची.

११ सप्टेंबर

सुती दोरे वाळल्यावर कडक झाले होते, हाताला खरखरीत. जड पाण्यातले क्षार आणि साबणाचा साका. एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास. परवाच्या ब्लीचचा अंश राहू नये म्हणून मधे एक दिवस जाऊ दिला आणि आधी पुन्हा साध्या पाण्यातून काढला. नंतर दोरे लवचीक. व्हिनेगर पुरतं धुऊन काढलं. संगमरवर किंवा चुनखडीच्या दगडाला आम्ल लागलं की चकाकी जाते.

१२ सप्टेंबर

वाळवणं. या कामातला सगळ्यात मोठा दिवस, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

१९७१ साली हॉस्पिटलमधल्या ओल्या मॉपवर एक संशोधन प्रसिद्ध झालं होतं. ओले ठेवलेले मॉप जिवाणूंनी प्रचंड प्रमाणात भरलेले आढळले. नुसत्या जंतुनाशक रसायनाने ते पुरेसे शुद्ध झाले नाहीत. धुऊन नीट वाळवल्यावर झाले. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २००८ मध्ये दवाखान्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही मॉपची डोकी निदान रोज धुवून वाळवायला सांगितलं आहे. घर म्हणजे हॉस्पिटल नव्हे, पण ओल्या धाग्याचा नियम दोन्हीकडे सारखाच.

वाळलं की नाही हे हाताने कळत नाही. वरच्या दशा कोरड्या लागतात आणि चकतीजवळचा गाभा ओला असतो. म्हणून वजन करायचं ठरवलं. पूर्ण कोरड्या रिफिलचं वजन काट्यावर घेऊन वहीत लिहिलं. धुऊन, पिळून टांगल्यावर अधूनमधून पुन्हा वजन. कोरडं वजन परत आलं की वाळलं. अंदाजाला जागाच राहत नाही.

स्पिन मॉपचं रिफिल आज वेगवेगळ्या तऱ्हांनी वाळवून पाहिलं. बादलीच्या जाळीतच ठेवलं तर संध्याकाळीही वजन फारसं उतरलेलं नव्हतं. खाली बादलीत पाणी, चारी बाजूंनी भिंत, हवा खेळणार कुठून? भिंतीला टेकवून, दशा खाली करून उभं केलं तर बाहेरची बाजू वाळली, पण दांड्याच्या भाराने दशा चेपल्या आणि मधला भाग तसाच राहिला. दशा वर करून उभं केलं की दशा पसरतात, वारा लागतो. मात्र पाणी चकतीच्या सांध्यात आणि तिथून दांड्यात उतरतं. सगळ्यांत लवकर वाळलं ते दांड्यावरून काढून, चकतीच्या भोकात आकडा घालून, भिंतीपासून हातभर लांब टांगलेलं. टांगल्यावर पाणी दशांच्या टोकांशी गोळा होतं, म्हणून तासाभराने एकदा जोरात झटकायचं. तेवढ्या एका झटक्याने वजनात दिसेल इतका फरक पडला.

पिळण्याचा फरक तर त्याहून मोठा. पेडल थांबवून, दशा उलट बाजूला वळवून पुन्हा फिरवलं की आणखी पाणी निघतं. हवेने तासन्‌तास जे काम करायचं, ते जाळी अर्ध्या मिनिटात करते.

ऊन मिळालं तर उत्तम, पण मायक्रोफायबर दिवसभर कडक उन्हात ठेवत नाही. नायलॉन उन्हाने हळूहळू ठिसूळ होतो. सावलीतला वारा पुरतो. सुती मॉप खुशाल उन्हात.

आई हे सगळं बघत होती. म्हणाली, "अगं, रोज एवढं करत बसायचं का?"

"रोज नाही गं आई. रोज फक्त धुवायचं, पिळायचं आणि टांगायचं."

१४ सप्टेंबर

बादली. मॉप स्वच्छ करून तो याच बादलीत बुडवायचा असेल तर ही आधी व्हायला हवी होती असं कोणी म्हणेल. पण क्रम कुठलाही असला तरी दोन्ही झाल्याशिवाय वापर सुरू करायचा नव्हता, आणि केलाही नाही.

जाळी उचलून बाहेर काढली. खालच्या बाजूला बुळबुळीत थर. हा जिवाणूंनीच स्वतःभोवती विणलेला थर असतो; त्याच्यावर नुसतं औषध ओतलं तर वरवरचं मरतं आणि खालचं राहतं. आधी ब्रशने खरवडणं हाच उपाय. कोपऱ्यांत आणि पाणी सोडायच्या बुचाच्या आट्यांमध्ये जुना दात घासायचा ब्रश चालवला. मग डिटर्जंट, मग थंड पाण्यातलं ब्लीच, मग साधं पाणी. शेवटी पालथी घालून वाळवली.

जाळी फिरताना घरघर करत होती. मधल्या खुंटीभोवती केसांची घट्ट अंगठी बसली होती. सुई आणि चिमट्याने ती सोडवली. खुंटीला सिलिकॉन ग्रीसचा ठिपका दिला. खाद्यतेल नाही, ते चिकट होऊन आणखी धूळ धरतं. जाळी आता अलगद फिरते, आणि वेगाने फिरते म्हणून पाणीही जास्त काढते.

१५ सप्टेंबर

दांडा. सांध्यातून गंजाचं तांबूस पाणी गळत होतं. दांडा उघडून आतलं पाणी काढलं, गंज पॉलिश पेपरने घासला, वाळवला. झाकणाचं रबर चिरलं होतं, ते बदललं. फ्लॅट मॉपच्या पट्टीचं वेलक्रो केसांनी भरलेलं. टाचणीने एकेक ओळ साफ केली. पॅड आता पकडीतून सरकत नाही.

२१ सप्टेंबर

आठवडाभर वापर. वास नाही. पट्टे खूप कमी, पण खिडकीजवळ अजून दिसतात.

मॉप स्वच्छ आहे, म्हणजे आता पाण्याकडे बघायला हवं. दोन बादल्या सुरू केल्या. एकीत लिक्विडचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. मळका मॉप आधी नुसत्या पाण्यात खंगाळायचा, पिळायचा, आणि मगच लिक्विडमध्ये. पहिल्याच खोलीनंतर खंगाळायच्या बादलीतलं पाणी करडं आणि लिक्विडचं अजून पारदर्शक. एकाच बादलीत हे सगळं परत फरशीवर गेलं असतं.

लिक्विड बाटलीवरच्या मापाने मोजून घेतलं. आजवर अंदाजे ओतलं जायचं, आणि मापापेक्षा बरंच जास्त. जादा लिक्विडने फरशी जास्त स्वच्छ होत नाही. ते मागे राहतं, पट्टे देतं, आणि मॉपच्या धाग्यांतही साठतं.

आणखी एक: पुसण्याआधी केर नीट काढायचा, कोपऱ्यांसकट. कोरडा केर झाडूने निघतो. तोच ओला झाला की दशांत शिरतो आणि मग कंगवा हातात घ्यावा लागतो.

२८ सप्टेंबर

पट्टे गेले.

दोन दिवस ढगाळ, हवा दमट. टांगलेलं रिफिल दुसऱ्या सकाळीही कोरड्या वजनावर आलं नव्हतं. अशा दिवसांसाठी दुसरं रिफिल हाताशी ठेवलं. एक वाळतं तोवर दुसरं चालतं. पंख्यासमोर टांगलं तर फरक पडतो. हीटरवर किंवा इस्त्रीने वाळवणं मायक्रोफायबरला नको, त्याचे धागे उष्णतेने वितळून बोथट होतात.

न्हाणीघराचा मॉप आणि घरातला मॉप कधीच अदलाबदल होऊ नयेत म्हणून दांड्यांना रंगीत पट्ट्या गुंडाळल्या. मोठ्या इमारतींच्या सफाईत रंगांनी जागा ओळखण्याची पद्धत आहेच, ती घरातही सोयीची. न्हाणीघराला लाल, बाकीला निळा. पाहुण्यांनाही विचारावं लागत नाही.

१२ ऑक्टोबर

पुन्हा तीच तपासणी: पांढरं कापड, चमचाभर पाणी. स्पिन मॉप दोन्हीत उत्तम. सुती मॉपचा डाग फिकट, वास नाही.

फ्लॅट मॉपचं पॅड मात्र पाणी अजून अर्धवटच ओढतं. परकार्बोनेटनंतर सुधारलं होतं, पण भिंगाखाली पाहिलं तर मधल्या भागातले लूप चपटे झालेले, काही ठिकाणी मागचं कापड दिसतंय. सॉफ्टनरचा थर धुऊन जातो, झिजलेला धागा परत येत नाही. पॅड बदललं. बदलायची वेळ ओळखण्यासाठी वहीत तीन खुणा लिहिल्या: धुऊन वाळवल्यावरही ओलं होताच वास येणं, पाणी ढकलणं, आणि दशा किंवा लूप गळून फरशीवर दिसणं. पुढे यातली एकही खूण दिसली आणि एका चांगल्या धुण्याने गेली नाही, तर रिफिल नवीन.

नव्या पॅडचं कोरडं वजन घेऊन वहीत नोंदलं. जुन्याचे चार तुकडे केले. खिडक्यांचे खोबण पुसायला ते अजून चालतील. सुती मॉप पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचा, आणि तोवर त्याला ब्लीच नाही.